निनावी मालाची जकात

जगात निनावी राहण्यास सर्वांत गैरसोयीचे ठिकाण कोणते, असा प्रश्न मला कोणी विचारला, तर मी क्षणाचाही विलंब न लावता उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदराकडे बोट दाखवीन. 26 मे 1989 रोजी राष्ट्रार्पण झालेल्या या बंदरात 2024-25 या एका वर्षात वीस फुटी कंटेनरांच्या हिशेबाने सुमारे 73 लाख कंटेनरांची ये-जा झाली, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या अंगावर चार अक्षरे व सात आकडे मिळून अकरा चिन्हांचे नाव ठळकपणे रंगवलेले होते. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे त्याच्या जातीचे, पुढचे सहा आकडे त्याचे स्वतःचे, आणि शेवटचा एक आकडा आधीची दहा चिन्हे खरी बोलत आहेत की खोटी, हे पडताळण्यापुरता नेमलेला. मनुष्यांच्या नावामागे असा एक पडताळणीचा आकडा लावण्याची चाल आपल्या पूर्वजांना सुचली असती, तर दिवाणी कचेऱ्यांतील निम्मी दफ्तरे रिकामी राहिली असती. शिवाय दारावर सील, सीलवर निराळा क्रमांक, सोबतच्या कागदांत पाठवणाराचे नाव, घेणाराचे नाव, मालाचे वर्णन, वजन व किंमत, आणि या साऱ्यावर कस्टम्सच्या साहेबांची जन्मजात अविश्वासाची दृष्टी.

अशा या नामनिष्ठ भूमीत, करळ फाट्यापासून बंदराच्या दरवाजापर्यंत ट्रेलरांची रांग लागली म्हणजे, त्या रांगेत स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसलेला चालक, क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहणारा कारकून, गोदामाच्या फाटकावरचा पहारेकरी, आणि उरणच्या आपल्या सदनिकेत वामकुक्षी आटोपून उठलेला एखादा सेवानिवृत्त अधिकारी, असे चौघेजण, ज्यांची एरवी परस्परांशी तोंडओळखही नसते, एकाच मुहूर्तावर खिशातून मोबाईल काढतात आणि एकाच इसमास शिव्या देऊ लागतात. तो इसम कोण, हा प्रश्न गौण आहे. तो मंत्री असेल, नट असेल, क्रिकेटचा अंपायर असेल, किंवा आगरी मसाला न घालता आपल्या कोळंबीच्या कालवणास आगरी कालवण म्हणवणारी, दादर किंवा डोंबिवलीची एखादी निरुपद्रवी गृहिणीही असेल. मुख्य गोष्ट ही की, या चौघांपैकी एकानेही त्या मजकुराखाली स्वतःचे नाव लिहिलेले नसते.

नाव लिहिलेले नसते म्हणण्यापेक्षा, आईबापांनी ठेवलेले नाव लिहिलेले नसते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल; कारण स्वतः ठेवलेल्या नावांची येथे मुळीच टंचाई नाही. कोणी 'दर्याचा राजा' असतो, कोणी 'एकटा वाघ', कोणी 'सत्य फक्त सत्य', तर कोणी 'कडू पण खरं'. या शेवटच्या गृहस्थांचे लिखाण मी बराच काळ निष्ठेने वाचीत आलो आहे, आणि नावात दिलेल्या दोन वचनांपैकी पहिले त्यांनी अक्षरशः पाळले आहे, अशी ग्वाही देण्यास मी केव्हाही तयार आहे. छायाचित्राच्या जागी गुलाबाचे फूल, दुसऱ्याच्या मालकीची मोटार, सूर्यास्ताकडे तोंड करून उभी असलेली एक पाठमोरी आकृती, किंवा ग्रामदेवतेची मूर्ती असते. त्यामुळे साक्षात देवी एखाद्या अपरिचिताच्या मातोश्रींविषयी जे काही बोलत आहे ते वाचून भाविकाने डोळे मिटावे की मोबाईल मिटावा, हे त्यास समजत नाही. वाघाने अर्थातच वाघाचे चित्र लावलेले असते. त्याच्या कचेरीत चौकशी करावी तर असे कळते की, हा वाघ साहेबांच्या खोलीत गेला असता 'होय साहेब' या दोन शब्दांपलीकडे तिसरा शब्द उच्चारीत नाही, आणि पगारवाढीचा अर्ज त्याने गेली काही वर्षे टेबलाच्या खणात जपून ठेवलेला आहे.

हे निनावी शौर्य किती काळ टिकते, याचा एक नमुना या किनाऱ्यावरच घडलेला असल्याने तो सांगितल्यावाचून राहवत नाही. उरण-पनवेलच्या पट्ट्यात हिवाळा सरता सरता टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात. गावोगावचे संघ उतरतात, मोटारसायकली बक्षिसादाखल मांडवात उभ्या असतात, आणि हे सारे यूट्यूबवर थेट दाखवले जाते. अशाच एका सामन्याच्या प्रक्षेपणाखाली 'न्यायदेवता 99' या नावाने कोणीएकाने प्रथम अंपायरच्या दृष्टीविषयी, नंतर अंपायरच्या वडिलांच्या दृष्टीविषयी, आणि उत्साह अनावर झाल्यावर अंपायरच्या समग्र गावाच्या दृष्टीविषयी मजकूर लिहिला. नाव लपवण्यात त्याने कसूर केली नव्हती. परंतु रागाच्या भरात त्याने एक तपशील नोंदवून ठेवला, तो असा की, चेंडू यष्टीला लागला त्या वेळी बॅट रेषेच्या आत चांगली वीतभर आली होती. कॅमेरा होता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मांडवाच्या खांबाआड. ती वीत पाहू शकेल असा मनुष्य त्या मैदानावर एकच होता, आणि त्या सामन्यात धावचीत झालेला मनुष्यही एकच होता. समाजमंदिरात बसलेल्या मंडळींनी मोबाईल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिला, एका म्हाताऱ्याने चष्मा वर सारून "यो तर आपलाच हाय" एवढा निकाल दिला, आणि तपास संपला. ना आयपी पत्ता, ना पंचनामा, ना जबानी. शिक्षाही गावकीला शोभेशीच झाली: दंड नाही, बहिष्कार नाही, पुढल्या मोसमात अंपायर म्हणून यानेच उभे राहावे, असा ठराव झाला. दुसऱ्याच सामन्यात त्याच्या दृष्टीविषयी 'महान्यायदेवता' या नावाने कोणी लिहू लागले.

वस्तुतः ही विद्या मोबाईलने आणली, असे समजणे म्हणजे आपल्या पोस्टखात्याचा घोर अपमान करणे होय. ज्याने सरकारी कचेरीत नोकरी केली आहे त्यास निनावी अर्ज ठाऊक नाही असे सहसा होत नाही. डाव्या हाताने काढलेली तिरपी अक्षरे, खाली 'एक हितचिंतक' किंवा 'एक जागरूक नागरिक' अशी सही, आणि प्रत माहितीसाठी मंत्रिमहोदयांपासून साप्ताहिकाच्या संपादकापर्यंत सर्वांना रवाना. या अर्जात साहेबांच्या बंगल्यावरील फरशीपासून त्यांच्या मेव्हण्याच्या ठेकेदारीपर्यंत सर्व हकीकत इतकी बारकाईने दिलेली असे की, असा मजकूर लिहिण्याइतकी माहिती असलेला मनुष्य त्या कचेरीत एकच आहे, आणि तो साहेबांच्या दाराबाहेरच बसतो, हे साहेबांना पहिल्या परिच्छेदातच उमगे. असे अर्ज इतके माजले की, अखेर 29 जून 1999 रोजी केंद्रीय दक्षता आयोगाने परिपत्रक काढून निनावी व खोट्या नावाच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करू नये, त्या दफ्तरदाखल कराव्यात, असे सर्व केंद्रीय खात्यांना व संस्थांना फर्मावले. एका रात्रीत हजारो हितचिंतक बेकार झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी इंटरनेट घरोघर पोचले, आणि या अनुभवी मनुष्यबळाचे पुनर्वसन कोणत्याही मोर्चाशिवाय आणि प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के भूखंडाशिवाय पार पडले. उरण तालुक्याच्या इतिहासात इतके तत्पर पुनर्वसन दुसऱ्या कोणाचे झाल्याचे ऐकिवात नाही.

निनावीपणाचा कैवार घेणारे विद्वान येथे मला थांबवतील आणि म्हणतील की, नाव लपवून लिहिणे हे काही नेहमीच हलक्या काळजाचे लक्षण नसते. आणि ते खरेही आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी चाकरीत होते. त्यांनी 1848 पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने जी शतपत्रे लिहिली, त्यांत स्वजातीवर इतके कठोर प्रहार आहेत की, आजच्या दिवसांत ती प्रसिद्ध झाली असती तर खाली 'एकटा वाघ' तत्काळ धावून आला असता. परंतु त्या काळी टोपणनाव आणि वाचक यांच्यामध्ये संपादक नावाचा एक जामीन उभा असे. 15 जून 1897 च्या 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली. तिच्याखाली कवीचे नाव नव्हते, भवानी तलवारीची खूण होती. पुढे राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा तलवारीस कोणी पिंजऱ्यात उभे केले नाही. अठरा महिन्यांची सक्तमजुरी संपादक टिळकांना झाली. त्याआधी 1882 साली कोल्हापूर प्रकरणात, ज्या पत्रांच्या भरवशावर मजकूर छापला ती बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर हे दोघेही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, तेही स्वतःच्या नावाने. आजच्या निनावी लेखकाला जामीन कोण? मोबाईल कंपनी त्याच्या वतीने सक्तमजुरी भोगेल, अशी आशा मला दिसत नाही.

बदमाषांमध्येसुद्धा पूर्वीचा शिष्टाचार काही अंशी शिल्लक आहे. जून 2017 मध्ये 'पेट्या' नावाने कुप्रसिद्ध झालेल्या एका दुष्ट प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. न्हावा शेवा येथील एका खासगी टर्मिनलचे संगणक त्यात बंद पडले, आणि कागद-पेन्सिलीचा जमाना आठवणारी जुनी माणसे एकाएकी कचेरीतली सर्वांत महत्त्वाची माणसे ठरली. कर्ता निनावी होता. तरी त्याने पडद्यावर खंडणीची रक्कम तीनशे डॉलर अशी स्वच्छ लिहिली होती आणि पत्रव्यवहारासाठी ई-मेलचा पत्ताही दिला होता. आमचा 'दर्याचा राजा' मागत काहीच नाही, पत्ताही देत नाही; तो सेवाभावाने, विनामूल्य आणि अहोरात्र शिव्या देतो.

आता परिणामांकडे वळू. कारण परिणाम होतातच, फक्त ते योग्य मनुष्याला होतात की नाही, याची हमी कोणी घेतलेली नाही. 2007 साली ऑर्कुट नावाच्या, आता कैलासवासी झालेल्या, संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर कोणीतरी निनावी राहून टाकला. पुणे पोलिसांनी आयपी पत्ता मिळवला, तो पत्ता कोणाचा अशी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली, आणि कंपनीने जे नाव कळवले त्या बंगळूरच्या एका संगणक अभियंत्यास त्याच्या घरून उचलून येरवड्यास आणले. तेथे तो 50 दिवस राहिला. मग उघडकीस आले की, कंपनीने कळवलेला ग्राहकच चुकीचा होता. कंटेनराचा क्रमांक उतरवताना कारकुनाने एक आकडा चुकवला तर अखेरचा पडताळणीचा आकडा बोंब ठोकतो आणि यंत्र तो कागद परत फेकते. चिनी मातीच्या बशांऐवजी तुमच्या दारात जर्मन बॉल-बेअरिंगे येऊन पडू नयेत म्हणून जगाने इतकी काळजी घेतली आहे. मनुष्याला तुरुंगात पाठवताना तेवढा एक आकडा कोणी जोडलेला नव्हता.

आणि ज्यांनी नाव लपवले नाही, त्यांची गत काय झाली? नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले, आणि दुसरीने त्या मताखालचा अंगठा दाबला. शिवी नव्हती, टोपणनाव नव्हते, वाघाचे चित्र नव्हते. दोघींना अटक झाली, नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे देशभर गदारोळ उठल्यावर पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटला गुंडाळण्यात आला. अंगठा उमटवल्याबद्दल मनुष्य अडकतो हे सावकारी पाशामुळे महाराष्ट्रास पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु त्या अंगठ्याने निदान कर्ज तरी मिळत असे.

या अटकेत ज्या कलमाचा आधार घेतला होता ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ. आणि ते मुळातून वाचण्यासारखे होते. संगणकावरून कोणास त्रास किंवा गैरसोय होईल असा मजकूर पाठवल्यास, काही अटींवर, तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोय करणारास तीन वर्षे हा न्याय करळ फाट्यावर एक दिवस जरी लागू केला असता, तरी येरवडा, तळोजा आणि ठाणे ही तिन्ही कारागृहे संध्याकाळच्या आत भरून गेली असती. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. रद्द झालेले कलम मात्र पोलीस ठाण्यांतून लवकर गेले नाही. त्याखाली अजून गुन्हे नोंदवले जातात हे ऐकून 2021 साली त्याच न्यायालयास आश्चर्याचा धक्का बसला. ज्या गृहस्थाने कलम 66 अ चे निधन झाल्याची वार्ता ठाण्यास कळवावयाची होती, तोही बहुधा निनावी असावा.

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर या साऱ्याचा धसका ज्या एका प्राण्याने घेतला, तो म्हणजे ॲडमिन. पूर्वी गावात चोरी झाली की पोलीस पाटलाला हाक येत असे. अलीकडे ग्रुपवर कोणी काही बरळले की ॲडमिनला येते. बिचाऱ्याने हा मान हळदीच्या निमंत्रणांसाठी आणि पाणी किती वाजता येणार हे कळवण्यासाठी पत्करलेला असतो. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसून आल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निवाडा दिला. ही बातमी सर्व ग्रुपांवर फिरली. ज्याने प्रथम पाठवली त्याचे नाव तेवढे सर्वांना ठाऊक होते, कारण तो ॲडमिन होता.

मला या प्रकरणी खरे आश्चर्य वाटते ते या मुलखाचे. जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या लढ्यात येथील पाच शेतकरी गोळीबारात पडले, ते आजही नावानिशी स्मरले जातात. नवी मुंबईच्या विमानतळास त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून 10 जून 2021 रोजी मानवी साखळी उभी राहिली आणि 24 जूनला सिडको भवनावर हजारो माणसे धडकली. कोणी आजी लुगड्याचा काष्टा खोचून, कोणी कोळी बांधव टोपी घालून, सर्व उघड्या चेहऱ्याने आणि आपल्या गावाचा फलक हाती धरून. बंदराचे कागदोपत्री नाव जवाहरलाल नेहरू बंदर. तरी परमुलखातला व्यापारी अजून न्हावा शेवा असेच लिहितो, आणि दोन लहान गावांचे नाव त्याच्या कागदांवरून जगभर फिरते, याचा येथील माणसाला केवढा अभिमान! नावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या याच घरातला नातू, त्याच विमानतळाच्या बातमीखाली कोण्या पत्रकार बाईंविषयी असभ्य मजकूर लिहितो, आणि तेवढ्यापुरते आजीने ठेवलेले नाव काढून ठेवतो. आजीस वाचता येत असते तर त्या नातवाचा निकाल समाजमंदिरापर्यंत जाण्याचीही गरज पडली नसती.

बाहेर एक वर्णन आणि आत दुसरा माल, ही युक्ती या बंदराला अपरिचित नाही. सप्टेंबर 2022 मध्ये दिल्ली पोलिसांनी येथे एक कंटेनर धरला. कागदावर ज्येष्ठमध होता, आत ज्येष्ठमधच होता, परंतु त्या काड्यांवर हेरॉइनचा लेप चढवलेला होता. कंटेनर अनेक महिने धक्क्यावर निमूट उभा होता, आणि आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही अशीच पाठवणाराची समजूत असावी. निनावी लेखकाचीही तीच समजूत असते. आपला मजकूर लोकांना नाव नसलेला दिसतो, म्हणजे तो कोठेच नोंदलेला नाही, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात आयपी पत्ता, वेळ, मोबाईलचा क्रमांक, तो घेताना दिलेल्या आधार कार्डाची नोंद, हे सर्व त्याच्या पाठीवर रंगवलेले असते, फक्त मानेला वळण देऊनही त्याला ते दिसत नाही.

म्हणून 'दर्याचा राजा', 'एकटा वाघ' आणि इतर समस्त हितचिंतकांच्या माहितीसाठी एवढेच नमूद करतो की, 1860 साली, जेव्हा या खाडीत मचव्यांखेरीज काही नव्हते, तेव्हा भारतीय दंड संहितेत कलम 507 घातले गेले. नाव किंवा राहण्याचे ठिकाण लपवण्याची खबरदारी घेऊन जो कोणी धमकी देईल, त्यास धमकीची शिक्षा आहेच, आणि नाव लपवल्याबद्दल त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंतची कैद निराळी. 1 जुलै 2024 पासून संहिता बदलली. ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 351, पोटकलम 4 मध्ये जशीच्या तशी हजर आहे. प्रथम खबरीच्या छापील नमुन्यात आरोपीच्या नावाशेजारी 'उर्फनाव' असा स्वतंत्र रकाना आहे, आणि 'दर्याचा राजा' त्यात व्यवस्थित मावतो.